प्रिंटर जोडताना आठवलेला इतिहास

गेल्या पावसाळ्यात आमच्या व्हाइटफील्डच्या घरी नवा प्रिंटर आला. मुलगा कामावर गेलेला होता, म्हणून जोडणीचे काम मी आपणहून अंगावर घेतले. सेवेत असताना संगणक खरेदीच्या अनेक फायली हाताळल्या होत्या, तेव्हा एवढे काम आपल्याला सहज जमेल असा विश्वास होता. खोके उघडून सवयीने आधी जाड केबल शोधली, मग सीडी शोधली. दोन्ही नव्हते. माझी बारा वर्षांची नात शेजारी उभी राहून हे पाहत होती. ती म्हणाली, "आजोबा, केबल लागतच नाही." तिने प्रिंटरला घरच्या वाय-फायचा पासवर्ड दिला, संगणकावर प्रिंटरांची यादी उघडली, तिथे त्याचे नाव आपोआप दिसू लागले आणि पाचव्या मिनिटाला चाचणीचा कागद बाहेर पडला.

प्रिंटर घेण्याचे कारण माझी आई. तिचे वय आता अठ्ठ्याऐंशी. पडद्यावरची अक्षरे तिला सोसत नाहीत. माझे वडील पाटण तालुक्यात तलाठी होते. १९९७-९८ च्या सुमारास त्यांनी आपल्या नोकरीतल्या आठवणी सांगितल्या आणि मी त्या पुण्यातील घरच्या संगणकावर उतरवून घेतल्या. त्याची एकच प्रत छापली होती. घरे बदलताना तिची शेवटची सहा पाने गहाळ झाली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्यानंतरच्या हिवाळ्यात वाड्यावस्त्यांवर फिरून केलेल्या पंचनाम्यांची हकीगत त्या सहा पानांत होती. आईला तीच पाने हवी होती, मोठ्या अक्षरांत. फाइल माझ्याकडे होती. फ्लॉपीवरून सीडीवर आणि सीडीवरून पेन ड्राइव्हवर ती मी जपून आणली होती. प्रिंटर सज्ज होता. मी फाइल उघडली, तर पडद्यावर मराठीचे एक अक्षरही नव्हते. रोमन अक्षरे, कंस, टक्क्यांची चिन्हे यांची एक अर्थहीन रांग होती. प्रिंटरने तीही इमानेइतबारे छापून दिली.

पाच मिनिटांत यंत्र जोडले गेले, पण पंचवीस-सत्तावीस वर्षांपूर्वी मी स्वतः उतरवलेली मराठी वाचता येईना. याचे कारण शोधताना माझ्याच सेवाकाळातील एक चूक मला नव्याने समजली. ती सांगण्यासाठी हा लेख.

संगणकाला प्रिंटर जोडणे म्हणजे नेमके काय? माझ्या मते ते तीन करार आहेत. पहिला करार तारेचा: कोणत्या तारेतून काय जाईल. दुसरा भाषेचा: संगणकाने दिलेली आज्ञा प्रिंटरला कशी कळेल. तिसरा अक्षराचा: कोणता क्रमांक म्हणजे कोणते अक्षर. शासकीय कामात जसे दोन विभागांत आधी कार्यपद्धती ठरलेली नसेल तर फाइल नुसती फिरत राहते, तसेच इथेही आहे.

पहिला करार यंत्रे विकणाऱ्यांनी आपापसांत उरकला. १९७० साली सेंट्रॉनिक्स नावाच्या अमेरिकन कंपनीने एक प्रिंटर बाजारात आणला. त्याची छत्तीस टोकांची जोडणी इतरांनीही उचलली आणि कोणी फर्मान न काढताच ती सर्वमान्य झाली. आठ तारांतून एका वेळी एक अक्षर जाई आणि आणखी काही तारांतून 'घे', 'मिळाले', 'थांब, मी कामात आहे' असे निरोप जात. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. त्याने संगणकाच्या बाजूला पंचवीस छिद्रांची खाच ठेवली. ज्या वाचकांनी ऐंशीच्या किंवा नव्वदच्या दशकात कचेरीत काम केले असेल त्यांना ती जाड केबल, तिच्या दोन बाजूंचे स्क्रू आणि दोन्ही यंत्रे बंद असतानाच ती लावण्याची ताकीद आठवत असेलच. पुढे १९९६ मध्ये यूएसबीचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले. इंटेलमध्ये ज्यांच्या पुढाकाराने ते घडले ते अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. माउस, कळफलक, प्रिंटर या सर्वांसाठी एकच जोडणी असावी, असा साधा विचार त्यामागे होता. आता वाय-फायमुळे तीही तार गेली.

दुसरा करार अधिक कठीण होता. डॉसच्या काळात प्रत्येक प्रोग्रॅमला प्रत्येक प्रिंटरची भाषा स्वतंत्रपणे शिकवावी लागे. वर्डस्टारची प्रिंटरांची यादी वेगळी, लोटसची वेगळी. दहा प्रोग्रॅम आणि वीस प्रिंटर असतील तर दोनशे वर्णने तयार करावी लागत. विंडोजने मध्यस्थी केली. प्रोग्रॅमने विंडोजशी बोलायचे आणि प्रिंटरचा ड्रायव्हरही विंडोजशीच बोलेल, असे ठरले आणि दोनशेचे काम तिसावर आले. प्रशासनात एक खिडकी योजना म्हणतात ती हीच. तरीही ड्रायव्हर प्रत्येक कंपनीचा वेगळा राही, फ्लॉपी हरवली की प्रिंटर मुका होई. १९९९ पासून इंटरनेटवरून छपाईचा एक खुला संकेत रूढ होऊ लागला, २०१० मध्ये ॲपलने ड्रायव्हरविना छपाईची सोय आणली आणि २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही कंपन्यांचे स्वतंत्र ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने मागे सारण्याचे धोरण जाहीर केले. माझ्या नातीने पाच मिनिटांत जे केले त्यामागे ही चाळीस-पन्नास वर्षांची तडजोड होती.

आता तिसरा करार. इंग्रजीपुरता तो १९६० च्या दशकातच झाला होता. कॅपिटल 'ए' म्हणजे ६५, 'बी' म्हणजे ६६, हा आस्कीचा संकेत. जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या पोटात या अक्षरांचे साचे आधीच भरलेले असत. संगणकाने ६५ म्हणायचा अवकाश, प्रिंटर 'ए' उमटवी. देवनागरीचे साचे त्यात नव्हते. त्यामुळे मराठी मजकूर अक्षर म्हणून नव्हे, तर चित्र म्हणून, ठिपक्याठिपक्याने पाठवावा लागे. वरची मात्रा, मधले अक्षर, खालचा उकार, सगळेच ठिपके. इंग्रजी पान भराभर निघे आणि मराठी पानाला कितीतरी वेळ लागे. दोन्ही कडांना भोके असलेला तो सलग कागद करकरत पुढे सरकताना आम्ही टेबलाभोवती उभे राहून पाहत असू.

हा प्रश्न आपल्या शास्त्रज्ञांना कळला नव्हता असे मुळीच नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले काम १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅककडे आले आणि 'जिस्ट' या नावाने प्रसिद्ध झाले. भारतीय लिपींसाठी इस्की हा संकेत तयार झाला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने त्याला राष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्यता दिली. त्यातली कल्पना फार सुंदर होती. आपल्या लिपी वेगळ्या असल्या तरी वर्णमालेचा क्रम एकच आहे. म्हणून मराठी 'क' आणि कन्नड 'क' यांना एकच क्रमांक द्यायचा, लिपी कोणती ते वेगळे सांगायचे. पुढे युनिकोडने भारतीय लिपींची मांडणी इस्कीवरूनच घेतली. त्याची खूण आजही दिसते. युनिकोडमध्ये देवनागरी 'क' चा क्रमांक २३२५ आहे आणि कन्नड 'क' चा ३२२१. फरक ८९६. मराठी माणसाला प्रिय असलेला 'ळ' घ्या: देवनागरीत २३५५, कन्नडमध्ये ३२५१. फरक पुन्हा ८९६. व्हाइटफील्डच्या रस्त्यावरून जाताना दुकानांच्या पाट्या मला वाचता येत नाहीत, पण त्या पाट्यांतली अक्षरे आणि माझी अक्षरे संगणकाच्या यादीत सारख्याच अंतराने उभी आहेत, हे कळल्यापासून त्या मला परक्या वाटत नाहीत.

मग चूक कुठे झाली? नव्वदच्या दशकात विंडोज सर्वत्र पसरले आणि त्या विंडोजला इस्की समजत नव्हते. बाजाराने तोडगा काढला. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉन्ट तयार झाले. संगणकाला वाटे की आपण रोमन 'के' लिहीत आहोत. पडद्यावर मात्र त्या जागी मराठी अक्षराचे चित्र दिसे. पुण्यातून श्रीलिपी आली, इथे बंगळूरमधून आकृती आली, आणखीही कितीतरी आल्या. त्यांनी मराठी वृत्तपत्रे, छापखाने आणि कचेऱ्या चालवल्या, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. जुन्या टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्या आमच्या टंकलेखकांना तोच कळफलक संगणकावर मिळाला, ही सोयही मोठी होती. पण कोणता तुकडा कोणत्या क्रमांकावर बसवायचा, हे प्रत्येकाने आपापले ठरवले. एकाच्या फॉन्टमध्ये जिथे अर्धा 'क', तिथे दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये वेलांटी. तिसरा करार झालाच नाही.

आणि हे आमच्या लक्षात कसे आले नाही? याचे उत्तर प्रिंटरमध्ये आहे. विंडोजवर प्रिंटरकडे अक्षराचे चित्र जाते. फॉन्ट संगणकावर असला की कागदावर सुंदर मराठी उमटते. संगणकाच्या पोटात त्या वेळी मराठी नसतेच, याचा कागदावरून पत्ता लागत नाही.

माझी चूक इथली आहे. नव्वदच्या दशकात एका जिल्ह्याच्या ठिकाणी असताना कार्यालयासाठी मराठी सॉफ्टवेअर व प्रिंटर खरेदी करण्यात आले. स्वीकृतीपूर्वी चाचणी घ्यायची होती. एक परिपत्रक मराठीत टाइप करून छापण्यास सांगितले. छपाई स्वच्छ होती, शिरोरेषा तुटत नव्हती, जोडाक्षरे नीट होती. मी अभिप्राय लिहिला, जडवस्तू नोंदवहीत नोंद झाली, देयक पारित झाले. ही फाइल दुसऱ्या कार्यालयातील संगणकावर वाचता येईल काय, दहा वर्षांनी वाचता येईल काय, तिच्यात एखादा शब्द शोधता येईल काय, हे तीन प्रश्न मी विचारले नाहीत. राष्ट्रीय प्रमाण अस्तित्वात होते. ते खरेदीच्या अटींत घालावे असे मला सुचले नाही. कागद चांगला आला म्हणजे काम झाले, ही आमची पिढीजात समजूत होती. तोच प्रकार मी घरी वडिलांच्या आठवणींबाबत केला.

याउलट एक उदाहरण मी आज राहतो त्या राज्यातलेच देता येईल. २००१ च्या सुमारास कर्नाटक शासनाने 'भूमी' प्रकल्पाखाली सुमारे दोन कोटी जमीन अभिलेख संगणकावर आणले. १७७ तालुक्यांच्या ठिकाणी खिडक्या उघडल्या आणि पंधरा रुपयांत शेतकऱ्याला त्याचा उतारा छापून मिळू लागला. हस्तलिखित उतारा बंद झाला. वरवर पाहता तिथेही एक संगणक आणि एक प्रिंटरच होता. फरक असा की तिथे मूळ अभिलेख संगणकात होता आणि छापलेला कागद ही त्याची नक्कल होती. आमच्या कचेरीत कागद हेच मूळ होते आणि संगणकातली फाइल पोकळ होती. महाराष्ट्रातही २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. माझ्या गावचा उतारा व्हाइटफील्डच्या घरी मी या नव्या प्रिंटरवर छापून घेतला, तेव्हा तलाठ्याच्या मुलाला काय वाटले असेल ते वाचकांनी समजून घ्यावे.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. पण विंडोजमध्ये देवनागरी खऱ्या अर्थाने आली ती विंडोज २००० बरोबर. त्यासोबत आलेला मंगल फॉन्ट मुंबईचे सुलेखनकार आणि कवी प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवला होता. कोट्यवधी लोकांनी ज्या वळणात संगणकावरची पहिली देवनागरी पाहिली ते एका मराठी माणसाचे होते. २००९ मध्ये केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे प्रमाण घोषित केले आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेचे व लिपीचे प्रमाण रूप ठरवून दिले. तिसरा करार झाला, पण तोपर्यंत दीड दशकाचा मजकूर निरनिराळ्या फॉन्टांत अडकून पडला होता.

आता पुन्हा त्या सहा पानांकडे. जुन्या फॉन्टचे क्रमांक युनिकोडमध्ये बदलून देणारे एक साधन मुलाने शोधले. एका रात्री बसून आम्ही मजकूर फिरवला. बराचसा नीट आला. सकाळी नातीने पहिले पान मोठ्या अक्षरांत छापून मोठ्या आजीच्या हातात दिले. आई चष्मा लावून मोठ्याने वाचू लागली आणि चौथ्या ओळीला थांबली.

"अरे, तुझे वडील दर्यात कधी उतरले होते?"

मी पान घेऊन पाहिले. 'दर्याखोर्यांतून आम्ही पंचनामे करीत हिंडलो' असे तिथे उमटले होते. वडिलांनी सांगितले होते 'दऱ्याखोऱ्यांतून'. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. सगळा फरक त्या अर्ध्या 'र' च्या वळणाचा. युनिकोडमध्ये त्यासाठी 'र' च्या पुढचाच, २३५३ हा स्वतंत्र क्रमांक वापरतात. जुन्या फॉन्टमध्ये तो एक निराळा तुकडा होता आणि फिरवणाऱ्या साधनाला तो ओळखता आला नव्हता. सहा पानांत असे एकोणीस 'र' निघाले. आई वाचत गेली, मी दुरुस्त करत गेलो. वाड्यांची बिघडलेली नावे तिने आठवून सांगितली, कारण त्या हिवाळ्यात पाटणच्या भाड्याच्या खोलीत वडिलांच्या तोंडून तिने ती रोज ऐकली होती. भूकंपानंतरच्या रात्री ज्या दोन माणसांनी वडिलांना आपल्या मांडवात आसरा आणि भाकरी दिली त्यांची नावे मात्र फाइलमध्ये पूर्ण विस्कटलेली होती आणि तीही आईला आठवली नाहीत. तिथे आम्ही जागा कोरी ठेवली आहे.

ती कोरी जागा मला एखाद्या लेखा आक्षेपासारखी वाटते. मी १९९८ मध्ये एक साधा प्रश्न विचारला असता, तर ती दोन नावे आज कागदावर असती.

असो. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या माझ्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी एखादी जुनी फाइल असेल: आईच्या पाककृती, वडिलांचे लेख, मंडळाच्या स्मरणिकेचा मजकूर, नातेवाइकांची वंशावळ. त्यांना माझे सांगणे एवढेच आहे की पहिल्या सुट्टीच्या दिवशी ती उघडून पाहावी. वाचता येत असेल तर युनिकोडमध्ये नव्याने जतन करावी. वाचता येत नसेल, तर तिचा जुना फॉन्ट मिळतो का ते शोधावे आणि ज्यांना तो मजकूर माहीत आहे अशी माणसे हयात असतानाच ती फिरवून घ्यावी. नवा मजकूर लिहिताना तो दुसऱ्याच्या संगणकावर किंवा फोनवर पाठवून वाचून पाहावा. केवळ छापून पाहू नये. आणि एवढे सगळे करून झाले की एक प्रत छापूनही ठेवावी. माझ्याकडे वडिलांच्या आठवणींची जी चाळीसेक पाने सुखरूप राहिली ती फिकट झालेल्या रिबनच्या त्या कागदामुळेच राहिली, हेही तितकेच खरे आहे.

आमच्या घरी आता तीन प्रती छापून झाल्या आहेत. एक आईजवळ, एक पुण्याला बहिणीकडे, आणि तिसरी मी पाटणला घेऊन जाणार आहे. तिकडे त्या वाडीवर एखाद्या वयस्कर माणसाला ती दोन नावे आठवत असतील, तर कोरी जागा भरायची आहे.